६० मीटरांचं जग

मी-चान पाच वर्षांची आहे. आईचे हात कामात गुंतलेले, तान्हं भावंड भुकेलं आणि घरातलं दूध संपलेलं. तू एकटी जाऊन आणशील का, असं आई विचारते आणि मी-चान दचकते, कारण आजवर ती एकटीनं कधी घराबाहेर पडलेलीच नाही. तरी शंभर येनची दोन नाणी मुठीत घट्ट धरून ती निघते. घंटी वाजवत एक सायकल अगदी जवळून जाते, तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहते. चढावर धावताना पडते, गुडघा दुखावतो, नाणी घरंगळत जातात. ती शोधून, मूठ पुन्हा आवळून दुकानापाशी पोचते, तर तिथे कुणीच नाही. दूध हवंय असं सांगायला ती तोंड उघडते आणि आवाज घशातच राहतो. मोठी माणसं येतात, तिच्या डोक्यावरून बोलतात, आपापलं सामान घेऊन जातात. दुकानातल्या बाईंना ती दिसतच नाही.

जपानमध्ये १९७६ साली निघालेल्या या चित्रपुस्तकाचं नाव 'हाजिमेते नो ओत्सुकाई', म्हणजे सामान आणायला पहिल्यांदाच बाहेर. गोष्ट योरिको त्सुत्सुई यांची, चित्रं अकिको हायाशी यांची. शेवटी सगळं बळ एकवटून मी-चान ओरडते. बाई चमकून बघतात, माफी मागतात, आणि इतका वेळ आवरून धरलेलं पाणी मी-चानच्या डोळ्यांतून एकदम खाली येतं. दूध मिळाल्यावर ती अशी पळत सुटते की उरलेले पैसे घ्यायचंही भान राहत नाही; बाईच मागे धावत येऊन देतात. आणि उतार संपतो तिथे, बाळाला घेऊन, हात हलवत आई उभी असते.

आई कुठे उभी आहे ते नीट बघा. ती दुकानाच्या दारात नाही. तिथे असती तर मी-चानचा पराक्रम तिथेच संपला असता. ती घरातही बसून राहिलेली नाही. ती चार पावलं पुढे आली आहे, उताराच्या पायथ्याशी थांबली आहे. जिथून पुढे यायचं नाही ती जागा तिला बरोबर कळली आहे. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे गणित सोडवावं लागतं: मुलाला किती लांब धाडायचं आणि त्याच्या सोबतीला कुठे उभं करायचं. मला हे गणित बालसाहित्यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर गणित वाटतं, कारण चांगल्या गोष्टींमध्ये त्याची उत्तरं थक्क करणारी आहेत.

जपानी दूरचित्रवाणीवर याच नावाचा एक कार्यक्रम १९९१ पासून होतो आहे. त्यात खरीखुरी लहान मुलं आयुष्यात पहिल्यांदा एकटी सामान आणायला जातात. रस्त्यावर कुणी कामगार दिसतो, कुणी पादचारी दिसतो. त्यातले कित्येक जण वेष बदललेले कॅमेरावाले असतात. मूल समजतं आपण एकटे आहोत, आणि सोबत मात्र गल्लीच्या प्रत्येक वळणावर पेरलेली असते. पुस्तकातली आई जे एका जागी उभी राहून करते, तेच इथे दहा-वीस माणसं लपून करतात.

हे असं का लागतं, याचं उत्तर गोष्टींच्या बाहेर, बागेत सापडतं. जेम्स अँडरसन या संशोधकानं लंडनच्या बागांमध्ये बसून सव्वा ते अडीच वर्षांच्या मुलांकडे नुसतं बघितलं आणि १९७२ साली त्याबद्दल लिहिलं. आई बाकावर बसलेली, मूल मोकळं. मूल काही पावलं जातं, थांबतं, खाली बसून काडी उचलतं, उठतं, पुन्हा जातं. मग वळतं. कधी आईच्या गुडघ्याला हात लावून येतं, कधी अर्ध्या वाटेपर्यंतच येऊन परत फिरतं. दोरी नाही, हाक नाही, आईचं लक्षही प्रत्येक वेळी असतंच असं नाही. तरी सुमारे ६० मीटरांच्या पलीकडे सहसा कुणी गेलं नाही. बागेत आपल्याला दिसत नाही असं एक वर्तुळ आखलेलं असतं, आणि ज्याला धड वाक्यही जुळवता येत नाही त्या जिवाला ते बिनचूक कळतं!

त्याआधी १९५४-५५ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन बाळांचं निरीक्षण करत होत्या. नुकती रांगायला लागलेली बाळं आईपासून लांब जाऊन वस्तू चाचपतात, परत येतात, पुन्हा निघतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. आई म्हणजे मुलाचा भक्कम तळ, ही मांडणी पुढे एन्सवर्थ आणि मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या कामातून जगभर गेली. बोल्बींनी नोंदवलेली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आई एका जागी बसली असेल तोवर मुलाची ही ये-जा सुरळीत चालते. ती उठून चालू लागली की बिचाऱ्याचं सगळं बिनसतं. दोन मिनिटांपूर्वी मजेत हिंडणारं मूल उचलून घे म्हणून हात पसरतं. मुलाला दूर जाता यावं म्हणून कुणीतरी जागेवर राहावं लागतं.

आणि मग डॉनल्ड विनिकॉट. लंडनमधल्या एका मुलांच्या रुग्णालयात चाळीस वर्षं काम केलेले हे डॉक्टर, मनोविश्लेषकही. एकटं राहता येण्याच्या क्षमतेवर त्यांनी १९५८ साली एक छोटा लेख प्रसिद्ध केला. एकटं राहायला माणूस एकटा असताना शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते शिकतो कुणाच्या तरी सोबतीत. बाळ जमिनीवर खेळतंय, आई त्याच खोलीत आहे, काही बोलत नाही, काही मागत नाही. बाळ तिला विसरून जातं. विसरता येतं, कारण ती आहे. ती नसती तर बाळाला सतत तिचाच विचार करावा लागला असता. आपण मोठेपणी रिकाम्या घरात पुस्तक वाचत निवांत बसू शकतो, त्या निवांतपणाची पहिली वीट त्या खोलीत रचली गेलेली असते. हे वाचल्यापासून मला बालकथांमधली रिकामी घरं आणि लांबचे प्रवास वेगळेच दिसू लागले.

सगळ्या गोष्टी ही सोबत देत नाहीत. १६९७ मध्ये शार्ल पेरोनं फ्रेंचमध्ये लिहिलेली लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट लांडग्यानं तिला गिळल्यावर सरळ संपते. कुणी येत नाही. पोट फाडून आजीला आणि नातीला बाहेर काढणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात भेटतो. पेरोची गोष्ट एकटं जाऊ नकोस एवढंच सांगते, आणि भीती घालून सांगते. याच्या उलट टोकाला हल्लीची ती असंख्य गुळगुळीत पुस्तकं, ज्यांत मूल जरा कुठे अडखळलं की हसरे मित्र धावत येतात आणि सगळे मिळून नाचतात. माझा दोन्हींवर सारखाच राग आहे. एका गोष्टीत गेलेलं मूल परतच येत नाही, दुसरीत ते क्षणभरही एकटं पडत नाही.

आता आपली म्हातारी घ्या. लेकीकडे निघालेली, काठी टेकत, रानातून, एकटी. वाघ आडवा येतो. मी अशी हाडकुळी, लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा, असं म्हातारी सांगते आणि वाट मोकळी करून घेते. इथवर सगळं तिच्या स्वतःच्या अकलेवर. परतताना मात्र लेक तिला भोपळ्यात बसवून देते. तो भोपळा काय आहे? भोपळ्याच्या आत म्हातारी पुन्हा एकटीच आहे, रान तेच, वाघ तोच, आणि आतून वाघाला उत्तरं देणारी जीभही तिचीच. पण चारही बाजूंनी तिला लेकीच्या मायेनं वेढलंय. लेक स्वतः रानात आलेली नाही. तिनं सोबतीला घरंगळता आकार दिलाय. इतकं नेमकं उत्तर कुण्या एका लेखकाला सुचलं असतं तर आपण त्याचे पुतळे उभारले असते. हे उत्तर नाव नसलेल्या आज्यांनी दिलंय.

ही गोष्ट आपल्या एकट्याची नाही, याचाही मला फार आनंद होतो. इराणमध्ये भोपळ्यात बसून गडगडत जाणारी म्हातारी आहे. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० च्या 'टुनटुनीर बोइ'मध्ये सांगितलेली कुबडी म्हातारीही नातीकडून भोपळ्यातूनच परतते, पण तिथला कोल्हा फसत नाही. मग ती आपल्या कुत्र्यांना हाका मारते आणि घरची राखण करणारी कुत्री धावत येतात. एकाच गोष्टीत सोबत तीन रूपांत मुरलेली: पलीकडच्या टोकाला नात, अंगाभोवती भोपळा, अलीकडच्या टोकाला कुत्री. आणि रानात जाते ती आजी, गोष्ट सांगते तीही बहुधा आजीच! ऐकणाऱ्या चार वर्षांच्या पोराला वाघाची भीती वाटली तरी, जिला वाघानं खाल्लं नाही तिच्याच मांडीवर आपण बसलोय, असं त्याला वाटत असणार.

लोककथेनं जे वस्तूच्या रूपात केलं, ते मॉरिस सेंडॅक यांनी कागदाच्या पांढऱ्या समासात केलं. १९६३ मध्ये आलेलं त्यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' उघडलंत तर पहिलं चित्र पानाच्या मधोमध लहानसं दिसतं, भोवती भरपूर पांढरी जागा. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स घरात धुडगूस घालतो, आई त्याला उपाशीच झोपायला पाठवते. खोलीत रान उगवायला लागतं आणि चित्र मोठं व्हायला लागतं. पान उलटेल तसा समास आक्रसतो. मॅक्स होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर पोचतो, त्यांचा राजा होतो, आणि दंगा ऐन रंगात येतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही शब्द राहत नाही, सगळीकडे चित्रच चित्र. तिथे मॅक्स सगळ्यात लांब असतो. मग त्याला कुठून तरी खमंग वास येतो, राजेपण नकोसं होतं, आणि परतीच्या वाटेवर चित्रं पुन्हा आवरती होतात.

या पुस्तकात आई एकाही चित्रात दिसत नाही. तिचं रागावणं कानावर येतं, ती मात्र पानाबाहेर. शेवटी मॅक्स खोलीत परततो तेव्हा जेवण वाढून ठेवलेलं असतं, आणि अगदी शेवटच्या पानावर चित्र नसतं, फक्त ते जेवण अजून गरम आहे एवढं सांगणारे मोजके शब्द. गरमऐवजी कोमट म्हणावं, असं प्रकाशनातल्या मंडळींचं म्हणणं होतं. सेंडॅक अडून बसले, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. ते अडून बसले म्हणून मी त्यांची ऋणी आहे. जेवण कोमट असतं तर आईनं ते मघाशीच ठेवून दिलं असतं. गरम आहे याचा अर्थ ती आत्ता, या क्षणी भिंतीपलीकडे आहे. आठवडे, महिने, वर्ष उलटेपर्यंत मॅक्स समुद्रावर होता, आणि तेवढ्या वेळात घरचं अन्न निवलंसुद्धा नाही. बागेतल्या बाकावरची आई इथे ताटात येऊन बसली आहे.

सेंडॅक यांनीच चित्रं काढलेल्या आणि एल्स मिनारिक यांनी लिहिलेल्या 'लिटल बेअर'मध्ये (१९५७, म्हणजे स्पुटनिकचंच वर्ष) याहून खेळकर उत्तर आहे. अस्वलाचं पिल्लू डोक्यावर शिरस्त्राण चढवून चंद्रावर निघतं. टेकडीवरच्या एका छोट्या झाडावर चढून डोळे मिटून उडी मारतं, गडगडत खाली येतं आणि स्वतःला सांगतं की चंद्रावर पोचलो. चंद्रावर त्याच्या घरासारखंच घर असतं, आत त्याच्या आईसारखीच एक अस्वलीण, टेबलावर त्याच्यासारख्याच कुणासाठी वाढलेलं जेवण. आणि ती आई काय करते? ती अनोळखी होते! माझं पिल्लू तर पृथ्वीवर गेलंय, तू कोण, असा आव आणते. पिल्लाला चंद्रावर राहायचंय तोवर ती त्याला चंद्रावर राहू देते. परत यायचं ते त्यानंच ठरवायचं असतं, आणि ते ठरवतंही: पुरे झालं, तू माझीच आई आहेस. सोबतीनं सोबत नसल्याचं सोंग घ्यावं, हे किती मोठं देणं आहे!

आणि कधी मूलच आईला प्रवासाला घेऊन जातं. रवींद्रनाथांच्या १९०३ च्या 'शिशु' संग्रहात 'वीरपुरुष' नावाची कविता आहे. पोरगं कल्पना करतं की आई पालखीत बसलीय आणि आपण शेजारून तांबड्या घोड्यावर चाललोय. संध्याकाळ होते, दरोडेखोर येतात, भोई काटेरी झुडपांत लपून थरथरतात, आई पालखीत देवाचं नाव घेत बसते, आणि हा एकटा सगळ्यांशी लढून येतो. सगळी भीती त्यानं आईच्या वाट्याला देऊन टाकलीय, सगळं धाडस स्वतःकडे ठेवलंय. तरी पालखी हवीच. तिच्यात बसून बघणारं कुणी नसेल तर लढाईला अर्थ काय? संग्रहातल्या अनेक कविता रवींद्रनाथांनी पत्नीच्या निधनानंतर, आजारी लेकीच्या सोबतीत असताना लिहिल्या. घरात आई नव्हती, आणि कवितांमधली मुलं पुन्हा पुन्हा आईशीच बोलत राहिली.

आतापर्यंतच्या बहुतेक गोष्टींत मूल निघून जातं आणि मोठं माणूस जागेवर राहतं. दोघं सारख्याच उंचीचे असतील तर? दोन मित्र असतील आणि त्यातल्या एकालाच एकटं राहावंसं वाटलं तर? मला वाटतं, मुलांना घरापेक्षा बालवाडीत हा पेच जास्त पडतो. काल दिवसभर आपल्याशी खेळणारी मैत्रीण आज कोपऱ्यात एकटीच ठोकळे रचते आणि जवळ येऊ देत नाही. हे दुःख चार वर्षांच्या जिवाला फार मोठं असतं, आणि त्यावर लिहिलेल्या गोष्टी अगदी कमी.

अर्नोल्ड लोबेल यांनी अशी एक गोष्ट लिहिली. बेडूक आणि त्याचा मित्र टोड, म्हणजे भेक, यांची चार छोटी पुस्तकं त्यांनी १९७० ते १९७९ या काळात केली. शेवटच्या पुस्तकातली अगदी शेवटची गोष्ट अशी: भेक मित्राच्या घरी जातो तर दारावर चिठ्ठी. बेडूक बाहेर गेलाय, त्याला एकटं राहायचंय. भेक गोंधळतो. मी असताना याला एकटं का राहायचंय? नदीपलीकडे बेटावर बेडूक पाठमोरा बसलेला दिसतो. नक्कीच उदास असणार, असं ठरवून भेक घरी धावतो, सँडविचं करतो, थंडगार चहा भरून घेतो आणि एका कासवाच्या पाठीवर बसून बेटाकडे निघतो. वाटेत कासव सरळ म्हणतं, त्याला एकटं राहायचंय तर राहू दे की. कदाचित त्याला माझी मैत्रीच नको असेल, असं मग भेकाला वाटतं. ही शंका एवढी बोचते की भेक लांबूनच ओरडून आजवरच्या सगळ्या वेडेपणाची माफी मागायला लागतो, आणि त्या भरात पाण्यात पडतो. चहा वाहून जातो, सँडविचं भिजतात.

बेडूक त्याला ओढून वर घेतो आणि शांतपणे कारण सांगतो. तो उदास नव्हताच. सकाळी उठल्यावर त्याला फार छान वाटलं: ऊन पडलंय म्हणून, आपण बेडूक आहोत म्हणून, आणि भेकासारखा मित्र आहे म्हणून. सगळं किती छान आहे याचा जरा विचार करावा, म्हणून तो एकटा जाऊन बसला होता. मग दोघं दुपारभर तिथेच बसतात आणि चहाविना भिजकी सँडविचं खातात.

विनिकॉट यांचा सगळा लेख या भिजक्या सँडविचांत आहे. बेडूक बेटावर जाऊ शकला, कारण भेक आहे. भेकाला मात्र हे कळायला पाण्यात पडावं लागलं, आणि लोबेल त्याच्यावर त्यासाठी रागावत नाहीत. त्याची धावपळ, त्याची घाबरगुंडी, सगळं ते मायेनं मांडतात. एकटं राहू इच्छिणारा त्यांच्याकडे आडमुठा ठरत नाही, आणि सोबतीसाठी धडपडणारा चिकटही ठरत नाही.

लोबेल यांची ही पुस्तकं 'आय कॅन रीड' या मालिकेत निघाली, तीच मालिका जिची सुरुवात १९५७ मध्ये 'लिटल बेअर'नं झाली होती. नुकतं स्वतःचं स्वतः वाचायला लागलेल्या मुलांसाठीची, छोट्या वाक्यांची पुस्तकं. या वयापर्यंत प्रत्येक गोष्टीत एक सोबत गृहीत असते: वाचून दाखवणाऱ्याची. मॅक्स समुद्रावर असतो तेव्हा ऐकणारा आईच्या कुशीत असतो. म्हातारी रानात असते तेव्हा आजीची मांडी खाली असते. म्हणूनच लेखकांना मुलाला इतक्या लांब धाडता येतं. आणि मग एक दिवस मूल पुस्तक घेऊन खिडकीपाशी जाऊन बसतं आणि मला एकट्याला वाचायचंय म्हणतं. त्याच दिवशी त्याच्या हातात बेटावरच्या बेडकाची गोष्ट पडावी, हा योग पाहून मी आजही चकित होते.

तेव्हा काय होतं तेही बघण्यासारखं असतं. दोन पानं वाचून मूल उठतं, भेक पाण्यात पडल्याचं चित्र दाखवायला येतं, पुस्तक आपल्या नाकाशी धरतं, आपण हसतोय याची खात्री करून घेतं आणि परत खिडकीकडे पळतं. पुन्हा दोन पानांनी येतं. आपल्यालाही तेव्हा वाटतं की त्याच्या शेजारी जाऊन बसावं, पुढचं वाचून दाखवावं, अडलेला शब्द सांगावा. पण बाकावरून उठायचं नसतं. कासवाच्या पाठीवर बसून निघायची घाई झालेली असली, तरी गोष्ट संपायला अजून चार पानं असतात आणि ती वाचायची त्याची आहेत.